पासपोर्ट, पात्रता आणि बास्केटबॉल : खमान मालुआचचे प्रकरण

निर्वासित कुटुंबातला उंच मुलगा, त्याला हेरणारा प्रशिक्षक, अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती आणि खच्चून भरलेल्या स्टेडियममधला निर्णायक सामना, अशी निर्वासित खेळाडूवरच्या कादंबरीची एक मळलेली वाट आहे. या वाटेवर गुणवत्ता, कष्ट आणि ताटातूट यांना भरपूर जागा मिळते. पासपोर्ट, व्हिसा, पात्रतेचे अर्ज आणि जन्मतारखेचा पुरावा या गोष्टी मात्र एखाद्या परिच्छेदात उरकल्या जातात. खमान मालुआच या दक्षिण सुदानी खेळाडूचे प्रकरण येथे अभ्यासासाठी घेतले आहे, कारण त्याच्या वाटचालीतली महत्त्वाची वळणे मैदानाइतकीच कागदांवरही घडली. ज्या पासपोर्टने त्याला वयाच्या सतराव्या वर्षी ऑलिंपिकपटू केले, त्याच पासपोर्टने अठराव्या वर्षी त्याचे अमेरिकेतले वास्तव्य एका दिवसात अनिश्चित करून टाकले. हे कसे घडले आणि त्याआधीच्या पिढीतल्या सुदानी खेळाडूंच्या बाबतीत ते तसे का घडले नाही, हा या लेखनाचा विषय आहे.

रुंबेक ते कावेम्पे

मालुआचचा जन्म 14 सप्टेंबर 2006 रोजी रुंबेक येथे झाला. त्या वेळी रुंबेक सुदानमध्ये होते. दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तो 9 जुलै 2011 रोजी, म्हणजे ज्या देशाचे नाव पुढे त्याच्या जर्सीवर आले तो देश वयाने त्याच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान आहे. उत्तर आणि दक्षिण यांच्यातली दोन दशकांची यादवी 2005 च्या शांतता कराराने थांबली होती. परंतु स्वातंत्र्यानंतर अडीच वर्षे होतात न होतात तोच, डिसेंबर 2013 मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदच्युत उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या फौजांत लढाई जुंपली आणि लाखो लोक सीमा ओलांडून शेजारच्या देशांत गेले. मालुआचचे कुटुंब त्याच्या लहानपणीच युगांडात आले होते. तो वाढला तो राजधानी कंपालातल्या कावेम्पे भागात.

युगांडाचे निर्वासितविषयक धोरण आफ्रिकेत बरेच उदार मानले जाते. 2024 च्या मध्यास देशात 17 लाखांच्या घरात निर्वासित होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दक्षिण सुदानचे होते. 2006 च्या निर्वासित कायद्याने त्यांना काम करण्याची आणि देशात फिरण्याची मुभा दिली आहे. सरकारी वसाहतींत राहणाऱ्यांना जमिनीचा तुकडा आणि काही प्रमाणात शिधा मिळतो. जे कंपालात राहणे पसंत करतात त्यांना बहुतांशी आपले आपणच भागवावे लागते. नागरिकत्व मात्र व्यवहारात कोणालाच मिळत नाही. युगांडात वाढलेला, तिथेच शाळेत गेलेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने दक्षिण सुदानीच राहतो. ही बाब तेव्हा गौण वाटावी अशी होती, पण पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ तीच आहे.

बास्केटबॉलशी त्याची गाठ पडली ती 2019 च्या सुमारास, तेराव्या वर्षी. जे मूल पुढे सहा वर्षांनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये निवडले जाणार होते, त्याच्यासाठी ही सुरुवात विलक्षण उशिराची म्हटली पाहिजे. तोवर त्याला वेड होते फुटबॉलचे. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी, की त्याची उंची पाहून रस्त्यात भेटलेल्या एका अनोळखी माणसाने त्याला बास्केटबॉल खेळून पाहायला सुचवले. मैदान घरापासून बरेच लांब होते, तिथवर तो चालत जाई, आणि मापाचे बूट मिळत नसल्याने पहिल्या सरावाला तो क्रॉक्स घालून गेला. कादंबरीकाराला हा तपशील आयताच मिळावा असा आहे. बास्केटबॉलमध्ये पाय रोवून उडी मारणे आणि एका पायावर गर्रकन वळणे हेच मुळाक्षर असताना, मागून सैल असलेल्या रबरी पादत्राणात हे सगळे शिकू पाहणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. तथापि हा तपशील गरिबीइतकाच पुरवठ्याविषयीही बोलतो: एवढ्या मोठ्या पायाचे खेळाचे बूट कंपालाच्या बाजारात सहजी मिळतच नाहीत, आणि म्हणून अशा मुलांच्या आयुष्यात बाहेरून येणाऱ्या शिबिरांना एवढे महत्त्व येते.

अकादमीचे वळण

मालुआच लवकरच सेनेगलमधल्या साली या किनारी गावातील एनबीएच्या आफ्रिका अकादमीत दाखल झाला. तिथे मुले राहतात, शिकतात आणि सराव करतात. प्रशिक्षण हा या व्यवस्थेचा दर्शनी भाग आहे. तिचा खरा उपयोग असा, की एखाद्या मुलाची शालेय गुणपत्रके, वैद्यकीय नोंदी, जन्मतारीख आणि प्रवासाची कागदपत्रे एका ठिकाणी, पुढच्या संस्थेला मान्य होतील अशा स्वरूपात तयार होत जातात.

ही गोष्ट किरकोळ नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धा चालवणारी एनसीएए ही संस्था पहिल्या श्रेणीत खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाकडून माध्यमिक शाळेतल्या 16 मुख्य विषय-अभ्यासक्रमांची नोंद मागते आणि त्याने खेळासाठी मेहनताना घेतलेला नाही याचीही खातरजमा करते. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या, दोन देशांत आणि दोन अभ्यासक्रमांत शिकलेल्या निर्वासित मुलाला पहिली अट जड जाते. दुसरी अट त्याहून अवघड, कारण गरजू घरातल्या मुलाला स्थानिक क्लबने देऊ केलेले थोडेसे पैसेही पुढे त्याच्या पात्रतेच्या आड येऊ शकतात. वयाचा प्रश्न तर सुदानी खेळाडूंच्या पाचवीलाच पुजलेला. जन्मदाखले नसल्याने या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्थायिक केलेल्या अनेक सुदानी तरुणांच्या कागदांवर सरसकट 1 जानेवारी ही जन्मतारीख पडली होती.

एनबीएने आफ्रिकेत चालवलेल्या बास्केटबॉल आफ्रिका लीगने 2022 पासून यावर एक तोडगा काढला. अकादमीतला एकेक मुलगा लीगच्या प्रत्येक संघात खेळवायचा, पण त्याची कॉलेजची पात्रता शाबूत राहील अशा बेताने. मालुआच 2022 मध्ये दक्षिण सुदानच्या कोब्रा स्पोर्टकडून, 2023 मध्ये सेनेगलच्या एएस दुआनकडून आणि 2024 मध्ये युगांडाच्या सिटी ऑइलर्सकडून खेळला. जन्माचा देश, शिक्षणाचा देश आणि आश्रयाचा देश, अशा तिन्ही देशांच्या क्लबांची जर्सी त्याने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी अंगावर घातली. त्याच्या वयाची अमेरिकन मुले या काळात शालेय संघांतून समवयस्कांशी खेळत होती; हा सोळाव्या वर्षी संसारी माणसांशी अंगाला अंग भिडवून खेळत होता.

पासपोर्टने काय दिले

राष्ट्रीय संघाचा मार्ग याहून निराळ्या कागदावर चालतो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, खेळाडूकडे पासपोर्ट मागतो, आणि सोळा वर्षांनंतर नव्या देशाचे नागरिकत्व मिळवलेल्या खेळाडूंपैकी एकालाच संघात घेण्याची परवानगी देतो. अर्थात ज्याच्याकडे जन्मानेच दक्षिण सुदानचे नागरिकत्व आहे, त्याला ही अट आडवी येत नाही. निर्वासित म्हणून वाढल्यामुळे जे नागरिकत्व मालुआचला रोजच्या जगण्यात कसलीच सोय देत नव्हते, त्याची किंमत इथे अचानक वाढली.

ऑगस्ट 2023 मध्ये मनिला येथे झालेल्या विश्वचषकात तो सोळाव्या वर्षी खेळला. दक्षिण सुदानचा तो पहिलाच विश्वचषक होता. चीन, फिलिपिन्स आणि अंगोला यांना हरवून आफ्रिकी संघांत सर्वोत्तम ठरलेला हा संघ थेट पॅरिस ऑलिंपिकला पात्र झाला. त्यामागे लुओल डेंग हा माणूस होता. एनबीएत दीर्घ कारकीर्द केलेला हा खेळाडू दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला, त्याने संघासाठी स्वतःचा पैसा घातला, रॉयल आयव्ही यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले, आणि मायदेशी बंदिस्त मैदान नसल्याने परदेशात सराव करावा लागणारा संघ उभा केला. ऑलिंपिकपूर्वी 20 जुलै 2024 रोजी लंडनमधल्या सराव सामन्यात या संघाविरुद्ध अमेरिका 101-100 अशी अवघ्या एका गुणाने जिंकली होती.

आठच दिवसांनी, 28 जुलै रोजी, फ्रान्समधल्या लील शहरात दक्षिण सुदानचा ऑलिंपिकमधला पहिला सामना पोर्तो रिकोशी झाला. खेळाडू रांगेत उभे राहिले, राष्ट्रगीताची घोषणा झाली, आणि ध्वनिक्षेपकावरून सुरू झाले ते सुदानचे राष्ट्रगीत. प्रेक्षकांतून ओरड झाली, गीत थांबले, आणि खेळाडू काही मिनिटे तसेच ताटकळत उभे राहिल्यावर योग्य गीत वाजले. संयोजकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. दक्षिण सुदानने सामना 90-79 असा जिंकला. ही चूक निव्वळ तांत्रिक होती असे मानले, तरी ज्या देशापासून फुटून निघण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या त्या देशाचे गीत आपल्या पहिल्याच ऑलिंपिक सामन्यात ऐकावे लागणे, यातून या पासपोर्टला जगात किती ओळख आहे ते कळून येते. वर्ष सरायच्या आत ही ओळख अगदी वेगळ्या दिशेने वाढली.

आधीच्या पिढीचा मार्ग

प्रकरणाचा गाभा समजण्यासाठी इथे दोन जुन्या कारकिर्दींकडे पाहावे लागते. त्यांतली पहिली मनूट बोल याची. सात फूट सात इंच उंचीच्या या डिंका जमातीतल्या तरुणाला सॅन दिएगो क्लिपर्स या एनबीए संघाने 1983 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या लीगच्या वार्षिक फेरीत, निवडले, लीगने ती निवड अवैध ठरवली, आणि त्याला ब्रिजपोर्ट विद्यापीठात एक हंगाम खेळून 1985 मध्ये पुन्हा निवडीला सामोरे जावे लागले. त्या पहिल्या निवडीच्या वेळी त्याच्या पासपोर्टवर उंची पाच फूट दोन इंच लिहिलेली होती, आणि त्याचे कारण विचारल्यावर ‘मोजले तेव्हा मी बसलो होतो’ अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, हा किस्सा अमेरिकन बास्केटबॉलच्या वर्तुळात आजही सांगितला जातो. विनोद बाजूला ठेवला तर यातून एक दिसते: 1983 मध्ये कागद चुकीचा असला तरी माणूस पुढे सरकू शकत होता. पडताळणी ढिली होती, व्यवस्था घाईत नव्हती.

दुसरी कारकीर्द खुद्द डेंगची. त्याचा जन्म 1985 मध्ये वाऊ येथे झाला. कुटुंब यादवीतून इजिप्तला गेले आणि पुढे त्यांना ब्रिटनमध्ये आश्रय मिळाला. चौदाव्या वर्षी तो न्यू जर्सीतल्या शाळेत गेला, 2003-04 चा हंगाम ड्यूक विद्यापीठाकडून खेळला, 2004 मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला, 2006 मध्ये ब्रिटिश नागरिक झाला आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडूनच खेळला. निर्वासितपणाचा शेवट नव्या नागरिकत्वात झाला, असे हे सरळ उदाहरण आहे. दक्षिण सुदानच्या ऑलिंपिक संघातले काही खेळाडूही याच वाटेने अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात वाढलेले होते. आश्रय देणाऱ्या देशाने त्यांना पोटात घेतले आणि मूळ देशाने मैदानापुरते परत बोलावले.

मालुआचची वाट याच्या उलट आहे. त्याला कोणत्याही श्रीमंत देशाने निर्वासित म्हणून स्वीकारले नाही. क्रीडासंस्थांनी त्याला खेळाडू म्हणून पुढे नेले. कंपालाहून साली, सालीहून जगभर आणि तिथून उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅमला तो गेला, पण प्रत्येक टप्प्यावर पासपोर्ट तोच राहिला. अकादमी, लीग, फिबा आणि विद्यापीठ यांनी त्याला प्रशिक्षण, प्रसिद्धी आणि प्रवेश दिला. स्थैर्य देणे त्यांच्या हातात नव्हते, आणि ते त्यांचे कामही नव्हते. माझ्या मते या नव्या साखळीतला कच्चा दुवा नेमका हा आहे, आणि तिच्या यशोगाथा सांगताना तो सहसा नजरेआड होतो.

ड्यूकचा हंगाम

मार्च 2024 मध्ये मालुआचने डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठाची निवड जाहीर केली. जॉन शायर यांच्या संघात त्याच्याबरोबर कूपर फ्लॅग आणि कॉन क्नुपेल हे पहिल्या वर्षाचे खेळाडू होते. विद्यापीठाने सात फूट दोन इंच अशी नोंद केलेला हा सेंटर, म्हणजे संघातला सहसा सर्वांत उंच खेळाडू, बास्केटखाली उभा राहून प्रतिस्पर्ध्याचे फटके अडवत असे आणि वर फेकलेला चेंडू तिथल्या तिथे डंक करीत असे. सामन्यामागे सरासरी 8.6 गुण आणि 6.6 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) हे आकडे दिसायला साधे आहेत. पण त्याने घेतलेल्या फटक्यांपैकी 71 टक्क्यांहून अधिक फटके बास्केटमध्ये गेले, हा आकडा त्याचे काम नेमके सांगतो. त्याच्याकडे चेंडू फार वेळा येत नव्हता आणि आला की सहसा वाया जात नव्हता. ड्यूकने हंगामात 35 सामने जिंकले, 4 गमावले आणि अंतिम चार संघांत स्थान मिळवले.

या वर्षाची पैशाची बाजू थोडी सविस्तर पाहिली पाहिजे. जुलै 2021 पासून अमेरिकन कॉलेज खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि प्रसिद्धी यांच्या बळावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा आहे. एनसीएएचा हा नियम परदेशी खेळाडूंना वगळत नाही. त्यांना अडवतो तो व्हिसा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि जाहिरातीसाठी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे काम ठरू शकते. परिणामी एकाच खोलीत कपडे बदलणाऱ्या दोघांपैकी एकाला बुटांच्या जाहिरातीतून लाखो डॉलर मिळू शकतात आणि दुसऱ्याने तीच जाहिरात अमेरिकेच्या भूमीवर केली तर त्याचा मुक्कामच धोक्यात येतो. केंटकी विद्यापीठाचा काँगोलीज खेळाडू ऑस्कर शिब्वे याने ऑगस्ट 2022 मध्ये संघ बहामासच्या दौऱ्यावर असताना, म्हणजे अमेरिकेबाहेर, जाहिरातींची कामे उरकून घेतली होती, ती याच कारणाने. सरकारने या प्रश्नावर स्पष्ट नियम केलेला नसल्याने प्रत्येक विद्यापीठ आपल्या वकिलांच्या सल्ल्याने चालते, आणि धास्तावलेला वकील नेहमी ‘नको’ असेच सांगतो.

5 एप्रिल 2025

त्या शनिवारी सॅन अँटोनियो शहरातल्या अलामोडोममध्ये ड्यूकचा उपांत्य सामना ह्यूस्टन विद्यापीठाशी होता. त्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केले, की दक्षिण सुदानच्या पासपोर्टधारकांना दिलेले सर्व व्हिसा रद्द करण्याची कारवाई सुरू केली जात असून यापुढे त्यांना व्हिसा दिला जाणार नाही आणि हा निर्णय तत्काळ लागू आहे. अमेरिकेने परत पाठवलेल्या आपल्या नागरिकांना दक्षिण सुदानचे सरकार वेळेवर स्वीकारत नाही, हे कारण देण्यात आले. डोनाल्ड ट्रम्प जानेवारीत पुन्हा सत्तेवर आल्यानंतर एका संपूर्ण देशाच्या पासपोर्टधारकांवर अशी कारवाई होण्याची ही पहिलीच वेळ होती.

वादाच्या मुळाशी एकच माणूस होता. दक्षिण सुदानी कागदांवर परत पाठवलेली ही व्यक्ती मुळात काँगोची नागरिक आहे, असे सांगून दक्षिण सुदानच्या राजधानीतल्या जुबा विमानतळावरून तिला माघारी धाडण्यात आले होते. व्हिसाबंदीची घोषणा झाल्यावर तीन दिवसांत, 8 एप्रिलला, जुबा सरकारने नमते घेतले आणि त्या व्यक्तीला प्रवेश देण्याचे मान्य केले. एका माणसाच्या कागदांवरून दोन सरकारांत वाद व्हावा आणि त्याची झळ शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, त्या वादाशी सुतराम संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांना लागावी, यातली विसंगती वेगळी सांगण्याची गरज नाही.

सामन्यात ड्यूकने बराच काळ आघाडी राखली होती. अखेरच्या सुमारे अर्ध्या मिनिटात ह्यूस्टनने सलग नऊ गुण मिळवले आणि 70-67 असा विजय नेला. याच अलामोडोममध्ये 2004 साली, डेंग खेळत असलेला ड्यूकचा संघ कनेक्टिकटकडून 79-78 असा उपांत्य फेरीतच हरला होता. दोघे दक्षिण सुदानचे, दोघेही ड्यूककडून एकच हंगाम खेळलेले, आणि दोघांच्याही कॉलेज कारकिर्दीचा शेवट एकाच इमारतीत. फरक एवढाच, की एकवीस वर्षांपूर्वी हरलेला डेंग निश्चिंतपणे पुढची योजना आखू शकत होता. मालुआचच्या बाबतीत विद्यापीठाला निवेदन काढून सांगावे लागले, की घोषणेची आपल्याला कल्पना आहे आणि विद्यार्थ्यांवर तिचे काय परिणाम होतील हे तातडीने समजून घेतले जात आहे.

व्हिसा आणि दर्जा

या घोषणेचा नेमका अर्थ काय, याबद्दल त्या दिवसांत बराच गोंधळ झाला. मुलगा उद्या विमानात बसवला जाणार, असे अनेकांनी गृहीत धरले. कायदा त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि ज्यांच्या घरातली मुले पुण्यामुंबईहून किंवा नाशिक-नागपूरहून अमेरिकेत एमएस करायला गेली आहेत त्या वाचकांना ही गुंतागुंत अनोळखी नाही. पासपोर्टवरचा व्हिसा हा दारातून आत येण्यासाठीचा परवाना असतो. आत आल्यावर राहण्याचा हक्क ठरतो तो विद्यार्थी म्हणून मिळालेल्या दर्जावर, म्हणजे आय-20 हे पत्र, सेव्हिस या सरकारी प्रणालीतली नोंद आणि नियमित शिक्षण यांवर. व्हिसा रद्द झाला म्हणून आत असलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा आपोआप संपत नाही, असा आजवरचा सर्वसाधारण संकेत होता.

2025 च्या वसंतात मात्र या संकेताचाच भरवसा उरला नव्हता. त्याच आठवड्यांत सेव्हिसमधल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी कारण न सांगता बंद करण्यात आल्या होत्या, त्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि न्यायालयांत धडाधड दावे दाखल झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस सरकारने त्या नोंदी पूर्ववत करण्याचे जाहीर केले. ज्या काळात व्हिसा आणि दर्जा यांतली भिंतच सरकार हलवून पाहत होते, त्या काळात ‘व्हिसा गेला तरी दर्जा आहे’ हा युक्तिवाद वकिलासाठी ठीक असला, तरी अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला त्याने शांत झोप लागेल असे नाही.

याच ठिकाणी पासपोर्टचा दुहेरी स्वभाव उघड होतो. पूर्वी अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिक झालेल्या दक्षिण सुदानी खेळाडूंना या घोषणेने धक्काही लागला नाही. राष्ट्रीय संघात त्यांच्या शेजारी उभे राहिलेल्या, पण पासपोर्ट एकच असलेल्या खेळाडूवर मात्र ती थेट आदळली. निर्वासितांसंबंधीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातही अशीच एक कोंडी आहे: ज्या देशातून माणूस पळाला त्या देशाचे संरक्षण त्याने स्वेच्छेने पुन्हा स्वीकारले, तर त्याचे निर्वासितपण संपुष्टात येऊ शकते, आणि मूळ देशाचा पासपोर्ट घेणे हे तशा स्वीकाराचे लक्षण मानले जाऊ शकते. निर्वासित म्हणून मिळणारे कवच आणि देशाचे प्रतिनिधित्व, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. खेळाडूला यांतली एक निवडावी लागते, आणि ती बहुधा अशा वयात, जेव्हा निवड करतो आहोत हेही त्याला ठाऊक नसते. ऑलिंपिक समितीचा स्वतंत्र निर्वासित संघ 2016 पासून आहे, पण बास्केटबॉलसारखा सांघिक खेळ त्याच्या आवाक्यात येत नाही.

निवडीनंतर

मालुआच अमेरिकेतच राहिला. मे महिन्यात शिकागोला एनबीएच्या चाचण्यांत त्याची मापे घेतली गेली. पसरलेल्या हातांची लांबी सात फूट सहा इंचांहून अधिक भरली. 25 जून 2025 रोजी ब्रुकलिनमध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, फ्लॅग पहिल्या आणि क्नुपेल चौथ्या क्रमांकावर. निवड ह्यूस्टन रॉकेट्सच्या नावाने जाहीर झाली, पण केव्हिन ड्युरँट या खेळाडूच्या अदलाबदलीत ती फिनिक्स सन्सकडे देण्याचे आधीच ठरले होते. एकवीस वर्षांपूर्वी डेंगला निवडणारा संघ फिनिक्स हाच. त्याने तेव्हा डेंगला लगेच शिकागोला देऊन टाकले होते. आफ्रिका अकादमीतून पहिल्या फेरीत निवडला गेलेला मालुआच हा पहिलाच खेळाडू.

व्यावसायिक झाल्याने व्हिसाचा वर्ग बदलतो. एनबीएतले परदेशी खेळाडू सहसा पी-1 वर्गात येतात, अर्ज संघ करतो, आणि जाहिरातींच्या कमाईवरचे विद्यार्थिदशेतले निर्बंध गळून पडतात. देशाच्या आतच दर्जा बदलून घेतला तर पासपोर्टवर नवा शिक्का लगेच लागत नाही. पण लीगमध्ये एक संघ कॅनडातला आहे. फिनिक्सला दर हंगामात एकदा टोरांटोला खेळायला जावेच लागते, आणि सामना संपवून संघाचे विमान परत निघते तेव्हा त्यातल्या परदेशी खेळाडूंना अमेरिकेत शिरण्यासाठी सहसा पासपोर्टवर वैध व्हिसा लागतो. ज्याच्या देशाला व्हिसा देणेच थांबवले आहे अशा खेळाडूसाठी संघाच्या वकिलांना विशेष सवलत मागावी लागू शकते, किंवा त्या एका सामन्यापुरते त्याला मागे ठेवावे लागू शकते.